रंगाखालचं लाकूड

ताई, गेल्या रविवारी फ्युनरल होममध्ये तुझ्याबद्दल मी चार शब्द बोलले. भावजींनीच सांगितलं होतं की प्रज्ञा, तू तिला धाकट्या बहिणीसारखी, तूच बोल. तू मला फ्रीवेवर गाडी घालायला कशी शिकवलीस, ते मी सांगितलं. लोक हसले, भावजींनी डोळे पुसले. मी सांगितलं ते सगळं खरं होतं. मग इथल्या मराठी मंडळातलं कुणीतरी उठलं आणि म्हणालं, शैलाताई उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. समोर तू फुलांत निजलेली, म्हणून मीही डोलावली.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते हे. यात लोकांनी हसावं असं फार नाही.

खरं तर तुझं नि माझं जमायचं काही कारण नव्हतं. तू साताऱ्याकडची, अर्विंगमध्ये दातांचा दवाखाना काढून म्हातारी झालेली. मी नागपूरची, बौद्ध घरातली, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी धरून नुकतीच टेक्सासात उतरलेली. मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात तू माझं आडनाव विचारलंस. उत्तर ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येतं त्याची मला सवय आहे. तुझ्या चेहऱ्यावर काही आलं नाही. तू म्हणालीस, तुझी खालची दाढ किडलीय, बोलताना दिसतेय, मंगळवारी ये. मी गेले. त्या खुर्चीत, तोंडात नळी असताना, आपली मैत्री झाली. मला उलट बोलता येत नव्हतं, म्हणूनच झाली असावी.

माझे वडील गेले तेव्हा माझं व्हिसाचं काम अडकलेलं होतं आणि मला नागपूरला जाता आलं नाही. तू दवाखाना बंद करून आलीस. लॅपटॉपवर सगळं बघेपर्यंत माझ्या शेजारी बसलीस. मग मेणबत्त्या लावून मी बुद्धवंदना म्हणायला घेतली आणि मला रडू फुटलं, तेव्हा तू माझ्या हातातलं पुस्तक घेतलंस आणि पालीतले न कळणारे शब्द एकेक करून वाचलेस. चाल पार चुकीची होती, आरतीची. तरी शेवटपर्यंत वाचलंस. हे मी कधीच विसरणार नाही. म्हणूनच पुढचं इतकं लागलं.

ओफेलियाशी तुझी गाठ मीच घालून दिली. ती माझी शेजारीण, दोघींच्या अंगणांत लाकडी कुंपण एकच. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. वर्षभर आम्ही कुंपणावरून नुसता हात हलवत होतो. मग एका ऑक्टोबरात इंडियन ग्रोसरीत झेंडूच्या खोक्यांपाशी समोरासमोर आलो. मी ऑफिसच्या दिवाळीसाठी दोन माळा घेत होते आणि ती खोकीच्या खोकी ट्रॉलीत चढवत होती. म्हणाली, आमचे मेलेले येतात या दिवसांत, त्यांना वाट दिसायला हवी. माझ्या गाडीतही तिची चार खोकी घालून मी घरी आले.

तिचे लोक मेक्सिकोच्या डोंगराळ उआस्तेका भागातले, नाहुआ जमातीचे. त्यांचा मेलेल्यांचा सण म्हणजे शांतोलो. फुलांची कमान उभारतात, दारापर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, आणि घरातल्या पुरुषानं लाकडी मुखवटा घालून नाचायचं असतं. मुखवटा म्हाताऱ्याचा, त्याला हुएहुए म्हणतात. तो घातला की नाचणारा घरातला कुणी राहत नाही, पूर्वज होतो. वर्षभर तो मुखवटा कापडात बांधून माळ्यावर असतो. सण आला की धूप जाळून खाली काढतात, टेबलावर उताणा ठेवतात, त्याच्यापुढे दारू आणि केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाले ठेवतात. ओफेलियाच्या घरचा मुखवटा तिच्या आजोबांच्या आधीपासूनचा. वडिलांनी, डॉन आउरेलियोंनी, तो गावाहून टेक्सासात आणला. ते गेल्यापासून तिचा भाऊ रामिरो घालतो.

मी तुला पहिल्यांदा तिच्या गॅरेजमधल्या त्या टेबलापाशी नेलं तेव्हा तू हरखलीस. तुझं स्पॅनिश म्हणजे दवाखान्यातले तीन हुकूम: उघड, मीट, थुंक. त्यावर तू सगळी संध्याकाळ निभावलीस. रामिरोला जवळ जाऊन 'उघड' म्हणालीस आणि त्यानं खरंच तोंड उघडलं. तमाल्यांकडे बघून तू माझ्या कानात म्हणालीस, 'अगं, हे तर आपलं पितरांचं पान.' मी म्हटलं, तुमचं. तू म्हणालीस, बरं बाई, आमचं.

त्या मुखवट्यावर रंग फार होता. त्या घरची रीत अशी की सणाआधी नाचणाऱ्यानं मुखवट्याला रंगाचा एक हात द्यायचा, स्वतःचं नाव घ्यायचं, आणि त्याच्याआधी ज्यांनी ज्यांनी हात दिले त्यांचीही नावं घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या साठून साठून नाकाचा गोळा झालेला, सुरकुत्या बुजलेल्या, ओठ जेमतेम कळायचे. कडेला एक टवका निघाला होता, तिथं तपकिरीच्या खाली गुलाबी रेघ दिसायची. ओफेलिया लहान असताना तिच्या खोलीच्या भिंती त्या रंगाच्या होत्या. उरलेला डबा वडिलांनी त्या वर्षी मुखवट्यासाठी वापरला. ओफेलियानं मला ती रेघ नखानं दाखवली होती. 'इथे माझी खोली आहे,' म्हणाली होती.

तुला मात्र तो रंग बघवत नव्हता. गाडीत बसल्याबरोबर तू सुरू झालीस, आणि मला माहीत होतं तू कुठे जाणार. तुझ्या गावच्या देवीकडे. तू चौथीत असताना देवीच्या अंगावरचं शेंदराचं कवच एका सकाळी गळून पडलं होतं. त्या वर्षी पूजेची पाळी तुमच्या घराकडे होती, तुझ्या वडिलांनी दार उघडलं तर शेंदराच्या ढलप्या खाली, आणि वर काळ्या दगडाचं रेखीव तोंड, डोळे, नथीचं भोक. सगळं गाव लोटलं. वडील रडले. म्हणाले, आजवर आपण देवीला पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील. प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी असायचं, आणि प्रत्येक वेळी मी तेच विचारायचे: मग इतकी वर्षं शेंदूर लावणाऱ्या बाया कुणाला बघत होत्या? तू म्हणायचीस, तुला देव नाही, तुला नाही कळायचं. एकदा मी चिडून म्हटलं होतं, माझ्या आजीला तुमच्या देवळात शिरूच दिलं नसतं, तिला ना शेंदूर दिसला असता ना मूळ रूप. तू गाडी कडेला घेतलीस. मग म्हणालीस, खरंय. तेवढंच म्हणालीस, पण म्हणालीस. म्हणून तर मी तुला मोठी मानायचे.

गेल्या वर्षी सणाच्या आधी तो टवका आणखी सुटला. ओफेलियाला भीती की नाचताना गालाचा पोपडाच पडेल. तू म्हणालीस, दोन दिवस दे, आमच्या दातांच्या सिमेंटनं असा बसवते की कळणारही नाही. ओफेलिया कचरली. आमच्याकडे हा घराबाहेर देत नाहीत, म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दे, ती माझी बहीण आहे. ताई, हे शब्द माझे होते. माझ्या या एका वाक्यावर तिनं तो कापडात बांधून तुझ्या हातात दिला.

तुझ्या ड्राइव्हवेमध्ये मी तुला स्वच्छ सांगितलं, 'फक्त तो पोपडा. बाकी रंगाला हात लावायचा नाही.'

'मला नको शिकवू,' तू म्हणालीस. 'चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातलाय मी.'

दोन दिवसांचे चार झाले, चारांचा आठवडा झाला. मी फोन केला की तू म्हणायचीस, सिमेंट सेट होतंय, ह्युमिडिटी आहे ना. मला संशय आला नाही. तू तिकडे डायनिंग टेबलावर डोक्याला दिवा लावून, डोळ्याला भिंग लावून, कीटण काढायच्या आकड्यांनी एकेक थर खरवडत होतीस. भावजी सांगतात, तू जेवायला उठत नव्हतीस, आणि गुणगुणत होतीस. शेवटचं गुणगुणणं कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी तुला टोकलं नाही.

मुखवटा परत द्यायला तू एकटी गेलीस. मी ड्यूटीवर आहे हे तुला माहीत होतं. तुला काय वाटलं असेल, हे मी पुष्कळदा मनात रंगवून पाहिलंय. तुला वाटलं असेल, ओफेलिया कापड उलगडेल, ते कोवळं, बारीक कोरलेलं लाकूड बघेल, तिचे डोळे भरतील आणि ती म्हणेल, आजवर आम्ही याला पाहिलंच नव्हतं. तुझ्या वडिलांनी म्हटलं तसं. एवढं एक वाक्य तुला पुन्हा ऐकायचं होतं. हे मला समजतं, ताई. इथवर मी तुझ्यावर रागावूनही रागावू शकत नाही. चूक अशी होती की आपल्याकडचंच माणूस ती करू जाणे.

पण ओफेलिया रडली ती तशी नाही. तिनं विचारलं, माझे वडील कुठे आहेत? आजोबा कुठे आहेत? तुला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तू घाबरलीस, आणि त्या घाबरण्यात तुझ्या तोंडून निघालं की प्रज्ञाला विचारलं होतं, ती 'कर' म्हणाली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. ओफेलियानं कुंपणावरून हात हलवणं बंद केलं. मला वाटलं, शाळेचा त्रास असेल. शांतोलो आला, तिच्या गॅरेजमधून व्हायोलिन ऐकू आलं, पण कुणी बोलवायला आलं नाही. मी झेंडूच्या माळा घेऊन गेले तर तिनं दार अर्धंच उघडलं. मागे टेबल दिसत होतं, त्यावर मुखवटा नव्हता.

'तू माझ्या वडिलांना ओळखत होतीस,' ती म्हणाली. 'तुझ्या मुलाला त्यांनी सायकल शिकवली. आणि तू तिला "कर" म्हणालीस?'

मी म्हटलं, असं मी कधीच म्हटलं नाही. ती म्हणाली, मग ती खोटं बोलतेय का. मी म्हटलं, हो. तिनं दार आणखी लोटलं. मग म्हणाली, सत्तरीची बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून हुंदके देऊन रडली, आणि तू म्हणतेस ती खोटं बोलली. दार लागलं. माळा माझ्या हातातच राहिल्या.

तशीच मी तुझ्याकडे आले. तुला आठवतं? तू दार उघडून म्हणालीस, अगं ये, चहा टाकतेच आहे. मी उभ्या उभ्या विचारलं. तू गॅसकडे वळलीस आणि म्हणालीस, तिला नीट कळलं नसेल, त्यांचं इंग्रजी कसं असतं. मी म्हटलं, 'ताई, ती इंग्रजी शिकवते.' तू म्हणालीस, मग मलाच नीट सांगता आलं नसेल. आणि आलं किसायला घेतलंस. मग किसता किसता म्हणालीस, पण तू बघायला हवं होतंस, प्रज्ञा, आत काय काम होतं, काय हात होता कोरणाऱ्याचा, रंगात पुरून ठेवला होता यांनी.

मी म्हटलं, तुमच्या देवीनं कवच आपण होऊन टाकलं होतं. तू आकड्यानं खरवडलंस. तू म्हणालीस, त्यात काय एवढा फरक. हा आपला वाद तिथंच राहिला. चहा न घेता मी निघाले. मागून तू म्हणालीस, साखर कमी घातलीय, तुला लागते तशी. ते ऐकून मला दारातच रडू आलं असतं, म्हणून मी भराभर गाडीत बसले.

त्यानंतर मी येणं टाकलं. मंडळात लोक विचारायचे, काय गं, शैलाताईंशी बिनसलं का. मी हसण्यावारी नेत होते. इकडे कुंपणापलीकडे एक मैत्रीण होती, ती बोलत नव्हती. तिकडे तू होतीस, तुझ्याशी मी बोलत नव्हते. एका वाक्यानं सगळं सरळ झालं असतं, आणि ते वाक्य फक्त तुझ्याकडे होतं. मी किती का शपथा घेईनात, ओफेलियाच्या लेखी मी म्हणजे स्वतःला वाचवायला म्हातारीला खोटं पाडणारी बाई. तू एकदा तिच्याकडे जाऊन म्हणायचं होतंस की प्रज्ञा नाही म्हणाली होती. बस.

मग उन्हाळ्यात भावजींचा फोन आला. पॅनक्रियाजचा कॅन्सर. मी त्याच संध्याकाळी आले. काही विचारलं नाही, तूही काही बोलली नाहीस. तुझ्या गोळ्यांचे डबे मी भरायचे, कुठली कशाबरोबर घ्यायची नाही ते भावजींना समजवायचे, तुझ्या पायांना तेल लावायचे. तू नागपूरच्या गोष्टी सांगायला लावायचीस. आणि मी वाट बघायचे. रोज. येताना गाडीत वाटायचं आज म्हणेल, जाताना वाटायचं उद्या. एका दुपारी तू माझा हात धरून म्हणालीस, 'प्रज्ञा, तुला एक सांगायचं राहिलंय.' मी हातातला ग्लास खाली ठेवला. खुर्ची जवळ ओढली. तू म्हणालीस, फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या करंज्या आहेत, यांना नारळ चालत नाही, तू घेऊन जा. मी घेऊन गेले, ताई. करंज्या घेऊन घरी गेले आणि नवऱ्याला, मिलिंदला, म्हटलं, ती सांगणार नाही.

आणि तू नाहीच सांगितलंस.

बुधवारी भावजींनी मला बोलावलं. तुझी दवाखान्यातली कपाटं रिकामी करत होते. बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, प्रज्ञा, हे काय आहे बघ गं, रांगोळीचे रंग वाटतात. आत कापसावर दातांच्या तारा ठेवायच्या छोट्या डब्या होत्या, आणि प्रत्येक डबीत रंगाचे कपचे. एकीत तपकिरी, एकीत विटकरी, एकीत काळपट, एकीत गुलाबी. वेगवेगळे, मिसळू न दिलेले. गळलेला शेंदूर फेकत नाहीत, वाजतगाजत नदीत सोडतात, हे तूच मला सांगितलं होतंस. तू फेकलं नाहीस आणि सोडलंही नाहीस. डबा मांडीवर घेऊन मी तुझ्या डेंटल खुर्चीच्या पायरीवर बसले. तुला समजलं होतं तर. तू खरवडत होतीस तेव्हाच काहीतरी समजत होतं, नाहीतर डब्या कशाला भरल्यास?

तो डबा घेऊन मी थेट ओफेलियाच्या दाराशी गेले. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. तिनं दार पूर्ण उघडलं. गुलाबी डबी उघडून दोन बोटं आत घातली, कपचे चिमटीत धरले, आणि रडायच्या ऐवजी म्हणाली, 'मी तुझी वाट बघत होते. ती म्हणाली होती, तू येशील.'

मी विचारलं, कोण म्हणालं होतं?

मग तिनं सांगितलं. तू जूनमध्ये तिच्याकडे गेली होतीस. स्वतः गाडी चालवत, दुखणं कळल्याच्या पाठोपाठ. तिच्या स्वयंपाकघरात बसून तू सगळं सांगितलंस. प्रज्ञानं मना केलं होतं, मी खोटं बोलले, मला माफ कर. ओफेलियानं माफ केलं. तुला कॉफी दिली. मग तिनं विचारलं, प्रज्ञाला हे सांगितलंस का? आणि तू म्हणालीस, हो, सांगितलं. म्हणालीस, तू तिच्यावर विश्वास ठेवला नाहीस याचं तिला फार लागलंय, तिला थोडा वेळ दे, ती आपणहून येईल.

ताई, बाई थांबली होती. कुंपणापलीकडे सगळा उन्हाळा ती माझ्यासाठी थांबली होती, आणि मी तिच्या खिडकीकडे बघायचं टाळून पाइपनं झाडांना पाणी घालत होते. दोघी एकमेकींची वाट बघत होतो, आणि दोघींना तसं बसवून ठेवणारी तू रोज माझ्याकडून पाय चेपून घेत होतीस.

पहिलं खोटं घाबरून निघालं, ते मी केव्हाच पोटात घातलं असतं. हे दुसरं घाबरून निघालेलं नव्हतं. चांगलं बसून, कॉफी पीत बोललेलं होतं. तू परक्या बाईची माफी मागितलीस. तिचे पाय धरायलाही वाकलीस म्हणे, तिनं उठवलं. माझ्यापुढे तुला एक शब्द जड झाला. आपल्याकडे आपल्या माणसाला सॉरी म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. माझे वडील आयुष्यात आईला सॉरी म्हणाले नाहीत, जास्तीत जास्त बाजारातून संत्री आणायचे. करंज्या म्हणजे तुझी संत्री होती का? मिलिंद म्हणतो, ती तुला आपली समजत होती म्हणूनच म्हणाली नाही. मी हे स्वतःला पुष्कळ समजावून बघितलं. समाधान होत नाही. इतकी आपली असण्यापेक्षा मी थोडी परकी असते तर मला कॉफी पिता पिता खरं ऐकायला मिळालं असतं.

हे सगळं ओफेलियासमोर मी बोलले, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, शनिवारी मुखवटा खाली काढायचा आहे, तू ये.

काल गेले. रामिरोनं दगडी खलात ते कपचे एकेक करून कुटले, आधी काळपट, मग विटकरी, गुलाबी सगळ्यात शेवटी, आणि ती पूड नव्या रंगात कालवली. धूप जळत होता. मुखवटा टेबलावर उताणा होता. ओफेलियानं ब्रश माझ्यापुढे धरला. तिच्याकडची रीत अशी म्हणे की ज्या घराकडून नुकसान झालं, त्या घरानं पहिला हात द्यायचा. मी म्हटलं, तिचे यजमान आहेत. ती म्हणाली, तूच म्हणाली होतीस ना, ती तुझी बहीण आहे.

ब्रश मी घेतला. तेव्हा पहिल्यांदा मी त्या लाकडाकडे नीट बघितलं. या घरच्यांनीही त्या दिवसानंतर वर्षभर ते उघडून बघितलं नव्हतं, जसं आलं तसं कापडात बांधून ठेवलं होतं. ताई, तुझं खरं होतं. कोरणाऱ्याचा हात विलक्षण होता. कपाळावर केसाएवढ्या बारीक सुरकुत्या, एक भुवई किंचित वर, काहीतरी मिश्कील सांगायच्या बेतात असल्यासारखी. आणि अर्धवट उघड्या तोंडात दोन दात. खालचे दोन, एक जरा वाकडा. त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की आपल्या म्हाताऱ्याला दात आहेत. ओफेलिया वाकून बघत राहिली, रामिरो हसला. ते दात तू किती जपून मोकळे केले होतेस, एक ओरखडा नाही. तू नसतीस तर हा चेहरा आम्हा तिघांपैकी कुणालाही कधी दिसला नसता, आणि हे मी तुझ्यावर संतापलेली असतानाही मला कबूल आहे.

मी रंग लावला. आधी कपाळ, मग गाल, मग ती भुवई. दातांपाशी थांबले. ओफेलिया म्हणाली, ठेवायचे तर ठेव. मी नाही ठेवले. दातांवरूनही ब्रश फिरवला, आणि ते गेले.

मग नावं. ओफेलियानं पणजोबांपासून सुरुवात केली, आजोबा, वडील, रामिरो. माझ्याकडे वळून म्हणाली, 'हा तिचा हात आहे. तिचं नाव घे, म्हणजे तीही यांच्यात येईल.' सगळे माझ्याकडे बघत होते. तुझं नाव जिभेवर होतं, ताई. वडिलांच्या वेळी तू वाचलेली ती वेडीवाकडी वंदनासुद्धा तेव्हा कानात होती. एक नाव घ्यायचं, त्यात काय जात होतं माझं? पण तू माझ्या नावानं खोटं बोलली होतीस, दोनदा, आणि माझं नाव त्या घरात जूनपर्यंत वाईट होऊन पडलं होतं. ते कुणीतरी तिथं खरेपणानं उच्चारायला हवं होतं. तू उच्चारलंस ते माझ्यामागे, आणि त्यालाही एक खोटं जोडून.

मी म्हटलं, प्रज्ञा.

ओफेलियानं मान डोलावली आणि ते नाव रामिरोच्या पुढे जोडलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा विचारेल. तेव्हा मी काय म्हणेन, ते मला अजून ठाऊक नाही.